वाईट बातमी बोर्डापर्यंत पोचते का? ईएसजीवर देखरेख ठेवण्याची प्रत्यक्ष रीत

संचालक मंडळाच्या बैठकीत ईएसजीचा विषय बहुधा शेवटून दुसरा असतो. त्याच्यानंतर फक्त ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे इतर विषय’. तोवर चहा दोनदा होऊन गेलेला असतो, कोणाची तरी विमानाची वेळ होत आलेली असते, आणि चाळीस स्लाइडचं सादरीकरण बारा मिनिटांत उरकलं जातं. मग इतिवृत्तात एक ओळ पडते: ‘मंडळाने सादरीकरणाची नोंद घेतली.’ कंपनी सेक्रेटरी म्हणून ही ओळ मी इतक्या वेळा लिहिली आहे, की एका कंपनीत असताना तिचा शॉर्टकट करून ठेवला होता. तेवढ्यावरच भागू नये म्हणून काय काय करावं लागतं, ते इथे क्रमाने मांडतो.

ईएसजी म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार. ही तीन अक्षरं २००४ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने निघालेल्या एका अहवालानंतर रूढ झाली. विषय अर्थातच त्याआधीचे आहेत: नाल्यात सोडलेलं पाणी, यंत्रात सापडलेला हात, हिशेबातली लबाडी. आणि एक गैरसमज आधीच मिटवून टाकू. ईएसजीचा अहवाल छापणं ही देखरेख नाही. अहवाल व्यवस्थापन तयार करतं, बऱ्याचदा सल्लागार लिहितात आणि डिझायनर सजवतात. बोर्डाने पाहायचं ते हे, की खाली जे बिघडतंय ते वर यायला वाट आहे का, आणि वर आल्यावर आपण काय केलं.

आधी एक आइस्क्रीमचा खटला

२०१५ साली अमेरिकेतल्या ब्लू बेल कंपनीच्या आइस्क्रीममधून लिस्टेरिया जंतूची लागण झाली आणि तीन माणसं दगावली. या कंपनीचा सगळा धंदा आइस्क्रीमचा. एका भागधारकाने संचालकांवर दावा लावला. खालच्या न्यायालयाने तो फेटाळला, पण २०१९ मध्ये डेलावेअर या अमेरिकी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुढे चालवायला मोकळीक दिली. कारखान्यात जंतू सापडल्याचे अहवाल व्यवस्थापनाच्या हाती होते. बोर्डाच्या इतिवृत्तांत मात्र त्यांचा मागमूस नव्हता. अन्नसुरक्षेसाठी बोर्डाची समिती नव्हती, हा विषय ठरावीक काळाने बोर्डापुढे आलाच पाहिजे अशी पद्धतही नव्हती. सरकारी तपासण्या होत होत्या, अधिकारी बोर्डाला कामकाजाची माहिती देत होते, हा बचाव न्यायालयाला पुरेसा वाटला नाही.

या निकालाचं मूळ १९९६ च्या केअरमार्क खटल्यात आहे. संचालकाचा निर्णय चुकला म्हणून त्याला सहसा कोणी धरत नाही. माहिती वर येण्याची व्यवस्थाच उभी केली नाही, किंवा धोक्याची खूण दिसूनही डोळेझाक केली, तर मात्र धरतात. बोईंगच्या दोन विमान अपघातांत ३४६ माणसं गेली. २०२१ मध्ये त्या कंपनीच्या संचालकांविरुद्धचा दावाही याच मुद्द्यावर पुढे सरकला: विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी बोर्डाच्या एकाही समितीकडे सोपवलेली नव्हती.

हे निकाल एका राज्याच्या न्यायालयांचे असले, तरी त्यांतला प्रश्न कोणत्याही देशातल्या बोर्डाला लागू पडतो. तुमच्या धंद्यातलं आइस्क्रीम कोणतं?

पायरी पहिली: पाच-सहा विषय निवडा आणि त्यांचा तक्ता करा

सल्लागार मंडळी ‘मटेरियालिटी’चा, म्हणजे कंपनीसाठी कोणता विषय किती महत्त्वाचा याचा, एक आलेख आणून देतात. त्यावर पंचवीस-तीस ठिपके असतात, आणि वरच्या उजव्या कोपऱ्यातले ठिपके सगळ्या कंपन्यांचे जवळपास सारखेच निघतात. तो आलेख ठेवा बाजूला. रंगांच्या कारखान्याला सांडपाणी, कपड्यांच्या ब्रँडला पुरवठादारांच्या इमारती, सॉफ्टवेअर कंपनीला ग्राहकांची माहिती, बँकेला चुकीच्या पद्धतीने विकलेली कर्जं. जे बिघडलं तर माणसं मरतील, परवाना जाईल किंवा लोकांचा कायमचा विश्वास उडेल, ते आधी घ्या.

पाहायचं दोन बाजूंनी. बाहेरच्या जगामुळे कंपनीच्या पैशावर काय परिणाम होतो, ही एक बाजू. कंपनीमुळे बाहेरच्या जगावर काय होतं, ही दुसरी. आयएसएसबी या, अशा अहवालांची मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाची जून २०२३ मध्ये निघालेली मानकं मुख्यतः पहिल्या बाजूने बघतात. युरोपातले नियम दोन्ही बाजू मागतात. बोर्डाने दोन्ही पाहाव्यात असं माझं मत आहे, कारण आज दुसऱ्या बाजूला असलेली गोष्ट उद्या पहिल्या बाजूला येऊन बसते. दुसऱ्या बाजूचं गांभीर्य मोजायला मानवी हक्कांबाबत संयुक्त राष्ट्रांच्या २०११ च्या तत्त्वांत तीन साधे निकष आहेत: इजा किती मोठी, किती लोकांना, आणि झालेलं पूर्ववत करता येईल का.

मग एका कागदावर तक्ता आखा. पहिल्या रकान्यात विषय, दुसऱ्यात काय बिघडू शकतं, तिसऱ्यात कुठे. चौथा रकाना महत्त्वाचा: ‘सर्वांत आधी कोणाला कळेल?’ पाचवा: ‘तिथून बोर्डापर्यंत किती हात आणि किती दिवस?’

चौथ्या रकान्यात पदाचं नाव हवं, विभागाचं चालणार नाही. ‘पर्यावरण विभाग’ असं लिहिलं तर काहीच लिहिलं नाही. ‘रात्रपाळीचा ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणा) ऑपरेटर’ असं लिहिलं की बोर्डातल्या माणसांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा एक माणूस उभा राहतो. तो कंपनीच्या पगारावर आहे की कंत्राटदाराच्या, त्याने फोन कोणाला करायचा, आणि फोन केल्यावर त्याचं कंत्राट राहील का, हे प्रश्न मग आपोआप येतात. राना प्लाझाची इमारत २४ एप्रिल २०१३ रोजी कोसळली आणि ११३४ माणसं गेली. भिंतींना तडे आदल्या दिवशीच दिसले होते, कामगारांना ते ठाऊक होतं. तिथून कपडे घेणाऱ्या परदेशी ब्रँडच्या बोर्डरूमपर्यंत ती बातमी यायला रस्ताच नव्हता.

पायरी दुसरी: प्रत्येक विषयाला घर द्या

वेगळी ईएसजी समिती हवी का, यावर लोक फार वेळ घालवतात. छोट्या बोर्डाला नकोच. मोठ्या, धोकादायक धंद्यातल्या बोर्डाला हवी. महत्त्वाचं इतकंच, की तक्त्यातल्या प्रत्येक विषयापुढे कोणत्या तरी एका समितीचं नाव असावं आणि ते त्या समितीच्या लेखी कार्यकक्षेत उतरलेलं असावं.

विषय हरवतात ते दोन समित्यांच्या मधल्या फटीत. मी पाहिलेलं उदाहरण कंत्राटी कामगारांच्या अपघातांचं. नामनिर्देशन आणि वेतन समिती म्हणायची, ‘ते आपले कर्मचारी नाहीत.’ जोखीम समिती म्हणायची, ‘हा मनुष्यबळाचा विषय आहे.’ ऑडिट समितीकडे कंत्राटदारांची बिलं यायची, अपघात यायचे नाहीत. तीन वर्षं हा विषय कोणाकडेच नव्हता, आणि तिन्ही समित्यांच्या वार्षिक मूल्यमापनात ‘समाधानकारक’ असाच शेरा होता.

आपली व्यवस्था कुठे कच्ची आहे ते तपासायला आयएसएसबीच्या हवामानविषयक एस-२ मानकातला कारभाराचा भाग उपयोगी आहे, मानक तुम्हाला लागू असो वा नसो. जबाबदारी कोणत्या मंडळाकडे किंवा समितीकडे? ती लेखी आहे का? माणसांकडे लागणारं कौशल्य आहे की मिळवायचं आहे? माहिती त्यांना कशी आणि किती वेळा मिळते? मोठे व्यवहार ठरवताना या जोखमींचा आणि त्यापायी कराव्या लागणाऱ्या तडजोडींचा विचार होतो का? लक्ष्यांवर नजर कोण ठेवतं आणि त्यांचा पगाराशी संबंध आहे का? यांची उत्तरं अहवालाच्या भाषेत लिहू नका. मागच्या वर्षीची इतिवृत्तं समोर घ्या आणि तारखेनिशी लिहा. पुष्कळ जागा रिकाम्या राहतील.

आणि ‘आमच्याकडे एक ईएसजी तज्ज्ञ संचालक आहेत’ या समाधानात राहू नका. तसं झालं की बाकीचे नऊ जण त्या विषयाला मान खाली घालून फोन बघतात.

पायरी तिसरी: बोर्डापुढे येणारं पान बदला

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकीच्या पायऱ्या चुकल्या तर सुधारता येतात. चुकीचं पान मात्र वर्षानुवर्षं सगळं आलबेल असल्याचा भास देत राहतं.

बीपी या तेलकंपनीच्या अमेरिकेतल्या टेक्सास सिटी रिफायनरीत २००५ साली स्फोट होऊन १५ जण मेले. नंतर नेमलेल्या स्वतंत्र पथकाने २००७ मध्ये सांगितलं, की कामगारांच्या किरकोळ इजांचे घटते आकडे पाहून कंपनीने प्रक्रियाही सुरक्षित असल्याचं गृहीत धरलं होतं. माणूस शिडीवरून पडणं आणि टाकीतला दाब वाढणं हे दोन वेगळे धोके. पहिल्याचा आकडा दुसऱ्याबद्दल काही सांगत नाही. तरीही २० एप्रिल २०१० रोजी डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या फलाटावर स्फोट झाला आणि ११ जण गेले, त्या दिवशी बीपीचे आणि फलाटाच्या मालक कंपनीचे वरिष्ठ अधिकारी तिथेच हजर होते. कामाचा दिवस बुडवणारी एकही इजा न होता फलाटाने सात वर्षं काढली, याचं कौतुक त्या भेटीत झालं होतं.

म्हणून अपघातांच्या दराशेजारी घटनेआधीची लक्षणं मागवा. सुरक्षेशी संबंधित किती दुरुस्त्या मुदत उलटून पडून आहेत? अलार्म किती वेळा बंद करून यंत्र चालवलं? थोडक्यात वाचलेल्या घटना किती नोंदल्या गेल्या? हा शेवटचा आकडा शून्य असेल तर आनंद मानू नका. तिथे लोक नोंदवायला घाबरतात, असं धरून चला.

सरासरी घेऊ नका. बारा कारखान्यांची सरासरी हिरवी असते, आणि तिच्या आत एक कारखाना लालभडक असतो. प्रत्येक ठिकाणाची ओळ वेगळी मागवा. अपघातांच्या दरात कंत्राटी कामगारांचे तास आणि अपघात धरलेत का, हे तळटीपेत नव्हे, आकड्याशेजारी लिहायला लावा. आणि पान एकच. मागे शंभर पानांची जोडपत्रं हवी तर असू देत. बोर्डाला बुडवायचं असेल तर त्याच्यापासून कागद लपवावे लागत नाहीत, भरपूर पाठवले की काम होतं.

त्याच पानाच्या तळाशी आधीच ठरवलेले उंबरठे असू देत. कामावर मृत्यू झाला तर चोवीस तासांत अध्यक्ष आणि समितीप्रमुखांना फोन. सांडपाण्याची मर्यादा सलग दोनदा ओलांडली तर सात दिवसांत लेखी टिपण. लाचेची तक्रार असेल तर ती एमडींच्या टेबलावरून न जाता सरळ ऑडिट समितीच्या अध्यक्षांकडे. असे उंबरठे ठरलेले असले की ‘एवढ्यासाठी बोर्डाला कशाला त्रास द्यायचा’ हा विचार करायची मुभा कोणाला राहत नाही.

पायरी चौथी: बैठकीत काय विचारायचं

एका बैठकीत मी टिपणं घेत होतो. सुरक्षाप्रमुखांचं सादरीकरण संपलं, सगळे बाण खाली उतरणारे. एक स्वतंत्र संचालिका होत्या, आयुष्य कारखान्यांत काढलेल्या. त्यांनी स्लाइडकडे पाहिलंच नाही.

“गेल्या तीन महिन्यांत तुम्ही सुरक्षेसाठी कुठलं काम थांबवलंत?”

सुरक्षाप्रमुखांनी एमडींकडे पाहिलं. मग म्हणाले, “मॅडम, तसं थांबवायची वेळ आली नाही.”

“वेळ आली नाही, की थांबवायचा अधिकार नाही?”

बराच वेळ एसीचा आवाज तेवढा ऐकू येत होता. काम थांबवण्याचा अधिकार कागदोपत्री त्यांचाच होता, पण थांबवलं तर उत्पादनप्रमुखांची सही लागायची, असं पाच मिनिटांत बाहेर आलं. त्या तिमाहीतला ईएसजीवरचा सर्वांत कामाचा निर्णय असा झाला: ती सही रद्द.

असे प्रश्न सोपे असतात. ‘हा आकडा चुकीचा ठरला तर कुठून कळेल?’ ‘हे सांगताना तुम्ही काय गाळलं?’ ‘पैसे मागितले आणि मिळाले नाहीत, असं या वर्षी काय आहे?’ हा तिसरा प्रश्न मी प्रत्येक समितीप्रमुखाला आगाऊ लिहून देतो. शिवाय वर्षातून दोनदा तरी सुरक्षा, पर्यावरण आणि अंतर्गत लेखापरीक्षण यांच्या प्रमुखांना समितीने एमडींच्या गैरहजेरीत भेटावं. ही भेट कॅलेंडरवर कायमची असली की तिच्यात संशय दिसत नाही. अचानक ठेवली तर अर्ध्या तासात सगळ्या मजल्यांवर बातमी होते.

कारखान्याला भेट द्याल तेव्हा रंगवलेल्या रस्त्याने फिरू नका. पाळी बदलण्याच्या वेळी कंत्राटी कामगारांच्या फाटकावर उभे राहा.

पायरी पाचवी: इतिवृत्त

हे माझं रोजचं काम, त्यामुळे थोडा हट्टीपणा खपवून घ्या. ही दोन वाक्यं पाहा.

‘मंडळाने सांडपाणी व्यवस्थापनाच्या सादरीकरणाची नोंद घेतली.’

‘तिसऱ्या युनिटमध्ये मर्यादा चार वेळा ओलांडली गेल्याबद्दल सदस्यांनी विचारणा केली. व्यवस्थापनाने जुना पंप हे कारण दिले. नवा पंप बसेपर्यंत त्या युनिटचे उत्पादन कमी ठेवावे, असे ठरले. पंप कधी बसणार याची तारीख पुढील बैठकीत द्यावी. जबाबदारी: संचालन प्रमुख.’

पहिलं वाक्य ‘सुरक्षित’ असतं असं बरेच वकील सांगतात. ब्लू बेलनंतर मला ते पटत नाही. प्रश्न विचारल्याची नोंद नसेल तर तो विचारला होता हे सिद्ध कशाने करणार? कोण रागावलं, कोण काय बोललं याचं शब्दशः वर्णन मात्र नको. प्रश्न, उत्तर, निर्णय, तारीख, माणूस एवढं पुरे. आणि पुढच्या बैठकीचा पहिला विषय मागच्या निर्णयांवरच्या कार्यवाहीचा. तिसऱ्यांदा ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं उत्तर आलं, तर तो विषय समितीकडून पूर्ण बोर्डाकडे न्या.

पायरी सहावी: प्रमाणपत्राला भुलू नका

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्यो इथे वाले कंपनीच्या खाणीचा, गाळ साठवणारा बांध फुटला आणि २७० बळी गेले. बाहेरच्या तपासनीस कंपनीने तो स्थिर असल्याचा दाखला काही महिन्यांपूर्वीच दिला होता. त्यानंतर २०२० मध्ये अशा बांधांसाठी जागतिक मानक आलं. त्यात या बांधांसाठी एक जबाबदार वरिष्ठ अधिकारी नेमायला सांगितलं आहे. तो थेट सीईओला उत्तरदायी असतो आणि त्याचा बोर्डाशी संवाद असतो. म्हणजे मधल्या हातांची संख्या कमी केली.

दाखला कोणी दिला, त्याला नेमलं कोणी, पैसे कोणी दिले, त्याच कंपनीकडून तो आणखी कोणती कामं घेतो, हे ऑडिट समितीने विचारायलाच हवं. ईएसजीच्या आकड्यांवर मिळणारी हमी बहुधा ‘मर्यादित’ प्रकारची असते. तिचा अर्थ असा, की ‘चुकीचं काही आमच्या नजरेस आलं नाही.’ बरोबर असल्याची ती ग्वाही नव्हे. सगळ्या आकड्यांवर पातळ हमी घेण्यापेक्षा जीवघेण्या दोन-तीन आकड्यांवर पक्की हमी घ्या आणि बाकीचे अंतर्गत लेखापरीक्षकांना न सांगता तपासायला द्या.

पायरी सातवी: लक्ष्यं आणि पगार

२०५० सालच्या नेट झिरोची, म्हणजे हरितगृह वायूंचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची, घोषणा करताना कोणालाच कष्ट पडत नाहीत, कारण ती करणारे तेव्हा पदावर नसतील. बोर्डाने विचारायचं ते पुढच्या अंदाजपत्रकाचं: या लक्ष्यासाठी भांडवली खर्चात ओळ कुठे आहे? आणि लक्ष्यात धरलंय काय? आपल्या धुराड्याचं उत्सर्जन म्हणजे स्कोप १, विकत घेतलेल्या विजेचं स्कोप २, आणि पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचं स्कोप ३. त्यात पंधरा प्रकार येतात आणि पुष्कळ धंद्यांत सगळ्यात मोठा वाटा तिथेच असतो. तो वगळून केलेलं लक्ष्य असेल तर घोषणेच्या पहिल्याच वाक्यात तसं लिहा.

बोनसला ईएसजी जोडताना सावध राहा. अपघाताच्या आकड्याला पैसे जोडले की अपघात कमी होण्याआधी नोंदी कमी होतात. शिक्षेची बाजूही आधीच ठरवा. रिओ टिंटो या खाणकंपनीने मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या जुकान गॉर्जमधली, ४६ हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वस्तीच्या खुणा असलेली शैलगृहं खाणीसाठी स्फोटाने उडवली. बोर्डाच्या चौकशीने ऑगस्टमध्ये वरिष्ठांचे बोनस कापले आणि तेवढ्यावर मिटवायला पाहिलं. गुंतवणूकदार आणि मूळ रहिवासी दोघेही भडकले. सप्टेंबरमध्ये सीईओ आणि दोन वरिष्ठ अधिकारी पायउतार होणार असल्याचं जाहीर करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी अध्यक्षांनीही पुन्हा निवडणुकीला उभं न राहण्याचं सांगितलं. कोणत्या घटनेला बोनस किती जाईल आणि पद कधी जाईल, हे शांत काळात लिहून ठेवलं असतं तर ही फरफट टळली असती, असं मला वाटतं.

वर्षातून एकदा: उलटा प्रवास

व्यवस्था चालते का, हे पाहायची माझी आवडती पद्धत फार स्वस्त आहे. बोर्डापुढे आलेली मागच्या वर्षीची एक वाईट बातमी निवडा आणि तारखा घेत मागे मागे जा. एका कंपनीत आम्ही गळक्या व्हॉल्व्हचं प्रकरण घेतलं. ऑपरेटरच्या वहीत पहिली नोंद ३ तारखेची. पाळीप्रमुखाची सही त्याच रात्री. युनिटच्या प्रमुखांचा मेल तिसऱ्या दिवशी. मुख्यालयात तो पोचला पाचव्या दिवशी, आणि बोर्डापुढे आला चौऱ्याण्णवाव्या दिवशी. मधल्या नव्वद दिवसांत तांत्रिक काम काहीच झालं नव्हतं. टिपणाचा मसुदा चार टेबलांवर फिरत होता आणि प्रत्येक टेबलावर त्यातलं एकेक विशेषण सौम्य होत होतं. वहीत ‘गळतोय’ असा शब्द होता. बोर्डाच्या कागदावर तो ‘कार्यक्षमतेत किंचित तफावत’ झाला होता.

आता त्या कंपनीत नियम आहे: टिपणासोबत मूळ नोंदीचा फोटो जोडायचा, ऑपरेटरच्या अक्षरातला.